दावण आत, उकिरडा बाहेर

नोटीस गोठ्याच्या दाराला सेलोटेपने चिकटवली होती. दुपारपर्यंत तिचा खालचा कोपरा सुटला आणि दाराशेजारी बांधलेल्या चंदी म्हशीने तो चाटून ओला केला. त्यामुळे साहेबांची सही आमच्यापर्यंत पोचली ती पुसट होऊनच.

आप्पांनी चष्मा घरात राहिल्याचं कारण सांगून मला वाचायला लावलं. मी वाचलं : रहिवासी क्षेत्रात विनापरवाना जनावरे पाळून परिसरात दुर्गंधी व डासांचा उपद्रव निर्माण केल्याबाबत. पंधरा दिवसांत जनावरे हलवावीत, अन्यथा वगैरे.

"रहिवासी क्षेत्र म्हणजे?"

"माणसं राहतात ती जागा."

"मग पन्नास वर्षं आपण काय होतो हितं?" असं म्हणून आप्पा वैरण टाकायला आत गेले.

नोटिशीच्या खाली एक रकाना होता, मालमत्ता क्रमांकाचा. तो मोकळाच होता, कारण गोठ्याला नंबर नाही. घराला आहे, घरपट्टीच्या पावतीवर येतो. गंमत म्हणजे आत बांधलेल्या चारही म्हशींना आणि दोन्ही गाईंना नंबर आहेत. कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. लम्पीच्या साथीनंतर या बिल्ल्यांचं महत्त्व फारच वाढलं. जून २०२४ पासून तर बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूकही करता येत नाही. म्हणजे सरकारदरबारी चंदीला ओळख आहे, चंदी जिथं बांधली जाते त्या जागेला नाही.

आम्ही काही नवीन केलं नव्हतं. गोठा आजोबांनी बांधलेला आहे, गावठाणाच्या शेवटच्या घरामागे, रानाच्या तोंडाला. आम्ही तिथंच होतो, शहराची हद्द आमच्यावरून पुढे सरकली. हे आमच्याच गावाचं झालं असंही नाही. पुण्यात २०२१ मध्ये एका फटक्यात २३ गावं महापालिकेत गेली, त्याआधी २०१७ मध्ये ११ गेली होती. आमचं शहर एवढं मोठं नाही, पण लहान शहरालाही हात-पाय पसरायला गावंच लागतात.

नोटीस आली त्या रात्री मी जमिनीचा कायदा काढून बसलो. कायदा वाचून प्रश्न सुटत नाहीत हे नोकरीत शिकलोय, पण झोप येत नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्या सुरुवातीच्या व्याख्यांमध्ये 'शेत इमारत' म्हणजे काय ते सांगितलंय. शेतजमिनीवर बांधलेली अशी इमारत, की जिचा उपयोग अवजारं, खत किंवा वैरण ठेवायला होतो, पीक साठवायला होतो, गुरांना निवारा द्यायला होतो, किंवा जमीनधारकाच्या घरच्या माणसांना, नोकरांना, कुळांना राहायला होतो. हे वाचून मी जरा थांबलो. एकाच व्याख्येत वैरण, म्हैस आणि आमची आजी. सरकारी कागदात इतकं आपलेपणाचं वाक्य मी क्वचितच वाचलंय. ज्याने ते लिहिलं त्याने कधीतरी पावसाळ्यात गोठ्याशेजारच्या सोप्यात झोप काढली असणार.

म्हणजे शेतावरचा गोठा हे शेतीचंच अंग, त्यासाठी जमीन बिगरशेती करावी लागत नाही. खेड्यात गोठा बांधताना कुणी नियोजनाचा विचार करत नाही ते यामुळे. नियम नव्हते असं मात्र नाही. खूप होते, फक्त ते कुठं लिहिलेले नव्हते.

दावण घराला लागून असली तरी चालेल, उकिरडा मात्र बाहेर, रानाच्या बांधाला. आमचा खड्डा होता दहा बाय आठ फुटांचा, पुरुषभर खोल. रोजचं शेण पाटीने तिथं जायचं, गव्हाणीतलं उष्टं आणि चुलीची राख त्याच्यावर. उन्हाळा सरत आला की खड्डा रिकामा व्हायचा, मृगाच्या आत खत रानात पसरलेलं असलं पाहिजे, नाहीतर भावकीत नाव निघायचं. गोठ्याचं मूत फरशीच्या उतारावरून मागच्या पाटात आणि तिथून केळीच्या चार खुंटांना. त्या केळीला कधी वेगळं खत घातल्याचं मला आठवत नाही. शेणी थापायची जागा दक्षिणेची भिंत, कारण तिथं ऊन टिकतं. माजावरचा रेडा शाळेच्या वाटेवर बांधायचा नाही. नदीवर वरच्या अंगाला पिण्याचं पाणी, मग धुणं, आणि सगळ्यात खाली म्हशी. हा शेवटचा नियम मोडला म्हणून आमच्या चुलत आजोबांना पारावर बोलणी खावी लागली होती, असं घरात अजून सांगतात.

इथं मला स्वतःला थोडं आवरावं लागतं. गावच्या न लिहिलेल्या नियमांचं कौतुक करताना हात सैल सुटतो. त्याच नदीवर माणसांचेही पाणवठे वेगळे होते, आणि मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम कुणाच्या माथी होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. गाव स्वच्छ दिसायचं ते फुकट नव्हतं, त्याची किंमत एक वस्ती मोजत होती. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी जनावरांना वर्ज्य नव्हतं, माणसांना होतं. नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून तळं सर्वांना खुलं केलं, आणि तरीही ते पाणी ओंजळीत घ्यायला १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. ढोरं ओढायचं सोडा, हेही त्यांनी लोकांना सांगितलं. तेव्हा जनावर कुठं असावं, कुणाच्या शेजारी असावं, मेल्यावर कुणी उचलावं, हे प्रश्न वासाचे आणि डासांचेच कधीच नव्हते. लिहिलेला नियम निदान सगळ्यांना सारखी नोटीस काढतो. पारावरच्या नियमाकडे एवढीही सोय नव्हती.

असो. आमच्या पिढीत तेही गेलं आणि त्यासोबत बाकीचंही गेलं.

आमचं रान यलोत आलं तेव्हा गावात पेढे वाटले होते. शहराच्या आराखड्यात रहिवासाचा भाग पिवळ्या रंगात असतो, शेतीचा हिरव्या. त्यामुळे गावाकडच्या बोलण्यात आता "त्यांचं ग्रीनमध्येच राहिलं बिचाऱ्यांचं" असं म्हणतात, एखाद्याचं लग्न जमेना तर म्हणावं तसं. पिवळ्याचा भाव गुंठ्यावर बोलतात, हिरव्याचा एकरावर. आम्ही २०१६ साली गोठ्यामागचे बावीस गुंठे दिले. घर पक्कं झालं, बहिणीचं लग्न झालं, माझ्या मुलाची कॉलेजची फी त्यातूनच गेली. मी त्या खरेदीखतावर सही केलेली आहे, आणि ती म्हशीने चाटलेली नाही, स्पष्ट दिसते.

सही करताना एका गोष्टीचा हिशेब कुणीच केला नाही. आप्पांनीही नाही, मीही नाही. त्या बावीस गुंठ्यांत उकिरडा होता.

मोठं जनावर दिवसाला पंधरा ते वीस किलो शेण देतं. मूतही तितकंच, पंधरा-वीस लिटर. सहा जनावरांचं धरलं तर रोज शंभर किलोच्या आसपास, महिन्याला तीन टन. रान होतं तोवर हे तीन टन म्हणजे दौलत होती, बांधावरून आत ढकलायची तेवढी. रान गेलं आणि त्याच तीन टनांचं ओझं झालं. पहिली दोन-तीन वर्षं शेजारचे शेतकरी ट्रॉली घेऊन यायचे, आठवड्याला एक खेप. मग त्यांचीही रानं यलोत निघाली. ट्रॉली महिन्याने यायला लागली, पुढं पावसाळाभर आलीच नाही. शेण गोठ्याच्या मागच्या भिंतीला साचत गेलं. केळी होती तिथून रस्ता गेला, आणि मुताचा पाट त्या रस्त्याच्या गटारीत आपसूक जोडला गेला. कुणी ठरवून जोडला नाही. पाणी उताराने जातं.

तक्रार कुणी केली ते कळायला वेळ लागला नाही. मागच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ. आप्पांचं म्हणणं, जाऊन दोन शब्द सुनवावेत. मी एका रविवारी गेलो. घरून निघताना मनात सगळी वाक्यं तयार होती : आम्ही आधीचे, तुम्ही नंतरचे, वगैरे.

त्यांनी चहा केला. घरात त्यांची आई होती, दम्याची, खुर्चीत बसलेली. ते म्हणाले, "सर, वाद नको, फक्त दोन मिनिटं बाल्कनीत उभे राहा." सरकतं दार उघडलं आणि मी उभा राहिलो.

आयुष्यभर मी तो गोठा खालून बघितलाय. वरून पहिल्यांदा पाहिला. पत्र्यावर वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड, दोन जुने टायर, एक मोडकी सायकल जी मी दहावीला वापरायचो. पत्र्याच्या कडेला शेणाचा ढीग, आणि ढिगातून निघालेली काळपट ओली रेघ, रस्त्याच्या कडेने वळत चेंबरच्या झाकणाखाली गेलेली. ती रेघ खालून दिसतच नाही. खालून आपण ती ओलांडतो.

आणि वास. गोठ्यात वाढलेल्या माणसाला वासाचे प्रकार कळतात. ताज्या शेणाचा वास तसा सौम्य, गवताच्या जवळचा. मुरलेल्या खताला तर वास राहतच नाही, हातात घेतलं तर मातीसारखं मोकळं होतं. मुरघासाचा आंबूस, पेंडीचा तेलकट, नुकत्या व्यालेल्या म्हशीचा एक वेगळाच. पण बाल्कनीत आला तो यातला कुठलाच नव्हता. शेण, मूत आणि धुण्याचं पाणी एकत्र होऊन बंद गटारीत सडतं, त्याचा तो वास. डोळ्यांत जाणारा. आमच्या गोठ्यात असा वास कधी नव्हता, आणि हा वास आमच्याच गोठ्याचा होता. दोन्ही खरं.

त्यांच्या पार्किंगच्या जागेकडे माझी नजर गेली. पांढऱ्या पट्ट्यांमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांवरून मी अंदाज घेत होतो. विहीर तिथं, आंबा तिथं, म्हणजे खड्डा साधारण त्या लाल गाडीखाली. मी त्यांना ते सांगितलं नाही. तयार करून आणलेली वाक्यंही तशीच परत नेली.

मला वाटतं, या सगळ्या नियमांची गाठ एका शब्दात आहे : बाहेर. जनावर कुठं ठेवावं, याचं शहराकडे कायम एकच उत्तर असतं. आणि हे बाहेर एका जागी थांबत नाही.

मुंबईचंच घ्या. शहरभर तबेले होते, दाटीत, चाळींना लागून. आटलेली म्हैस खाटकाकडे, रेडकू उपाशी, दुधात पाणी, असा तो धंदा. त्यावर उपाय म्हणून १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. साधारण १,२८७ हेक्टर जागा, बत्तीस गोठे आणि सोळा हजारांच्या आसपास म्हशी. म्हशी गवळ्यांच्या, जागा आणि शिस्त सरकारची. मोठ्या शहराने जनावरांचा इतका नीट विचार केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. खुरोडींना पुढे १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत. आज त्या दोघांची नावं लोक घेतात, खुरोडींचं कुणी घेत नाही. हा वेगळा विषय आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर तेव्हा गोरेगाव म्हणजे बाहेर. आज आरे मुंबईच्या अगदी मध्यात आहे. तिथली चर्चा मेट्रोची कारशेड, झाडं आणि बिबट्यांची असते, म्हशी बातमीतून गेल्या. पुढं उरलेल्या तबेल्यांसाठी आणखी बाहेरची जागा बघितली गेली, दापचरी, पार डहाणू-तलासरीकडे. प्रकरणं न्यायालयात गेली, वर्षं गेली. मधे २६ जुलै २००५ चा पाऊस झाला. दाव्याला बांधलेल्या म्हशी जागच्या जागी बुडाल्या, हजाराच्या वर. दावं सोडायला माणूस पोचला नाही. गोठ्यातल्या माणसाला ही बातमी वाचताना पहिल्यांदा दाव्याची गाठच दिसते. आप्पा त्यानंतर कित्येक दिवस सुरगाठच मारायचे, एका झटक्यात सुटणारी.

शहरात गुरं ठेवायला आणि त्यांची ने-आण करायला परवाना हवा, असा महाराष्ट्राचा कायदाच आहे, १९७६ चा. गुजरातने २०२२ मध्ये जवळपास याच नावाचं विधेयक आणलं. मालधारी, म्हणजे तिथले गुरं पाळणारे, रस्त्यावर आले आणि सप्टेंबरात सरकारने ते मागे घेतलं. आपल्याकडे कायदा होऊन इतकी वर्षं झाली तरी रस्त्यावर कुणी आलं नाही, कारण तो आहे हे बहुतेकांना नोटीस आल्यावरच कळतं. मलाही तसंच कळलं.

रंगांचं प्रकरण इथंही संपत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात प्रदूषणाच्या प्रतवारीनुसार दुग्धशाळा नारिंगी गटात आहे आणि गोशाळा हिरव्या. मंडळाकडे याची कारणं असतील. पण आमच्या कपिलेला दूध देते तोवर नारिंगी आणि भाकड झाली की हिरवी, हे समजावून सांगणं मला जमलेलं नाही.

आणि याच्या बरोबर उलट टोकाला सरकारच पक्का गोठा बांधा म्हणून पैसे देतं. शरद पवार ग्रामसमृद्धी योजना, रोजगार हमीतून. दोन ते सहा गुरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये. त्याचं मापही दिलेलं आहे : लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५, एकूण २६.९५ चौरस मीटर, पाण्याची टाकी दोनशे लिटरची आणि मूत साठवायला अडीचशे लिटरचं टाकं. ते टाकं बघून मला आनंद झाला होता, कारण कागद लिहिणाऱ्याने निदान मूत कुठं जाणार हा प्रश्न विचारला होता. आमचाही अर्ज होता. अर्ज ग्रामपंचायतीत होता, आणि मग ग्रामपंचायतच राहिली नाही. रोजगार हमी ग्रामपंचायतीच्या हद्दीत. माझ्या मावसभावाचं गाव आमच्यापासून सात किलोमीटरवर, हद्दीच्या पलीकडे. त्याला तो गोठा मिळाला. तीच पावशेर पेंड, तोच कडबा, त्याच जातीच्या म्हशी. ओढ्याच्या त्या बाजूला त्याचा गोठा ही ग्रामसमृद्धी, ह्या बाजूला आमचा गोठा हा उपद्रव.

मला इथं शहर वाईट आणि गाव चांगलं असं म्हणायचं नाही. म्हणायचं असतं तर मी बाल्कनीचं सांगितलंच नसतं. जनावर आत असूनही चालतं, हे मी कोल्हापुरात बघितलेलं आहे. गंगावेशीत संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी येतात, तलवारीसारखी लांब शिंगं मागं टाकलेल्या पंढरपुरी, आणि गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लासात देतो, फेसासकट. उभ्यानेच प्यायचं. दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशी शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून मिरवतात, आणि मालकाच्या मोटारसायकलमागे दौडत जातात. तिथं म्हैस शहराच्या आत आहे, कारण ती आत असावी असं शहरालाच वाटतं. अर्थात त्या शहराच्याही नदीचं आणि रंकाळ्याचं पाणी बघितलं की म्हशींवरून आणि मैल्यावरून वाद आहेतच. १९७२ मध्ये महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढीचा विषय तिथं दशकानुदशकं घोळत राहिला आणि आसपासची गावं आत यायला नाही म्हणत राहिली. लोक घरपट्टीचं कारण सांगतात. मला वाटतं, त्यातल्या काहींच्या मनात गोठा असणार.

नियम जनावरं मोजतो. दोन की सहा की पंधरा, परवाना आहे की नाही, घरापासून अंतर किती. मोजायला हवंच, नाहीतर दारात पन्नास म्हशी बांधणारेही निघतील. पण आमच्या दावणीला पूर्वी अकरा जनावरं होती तेव्हा तक्रार नव्हती, सहा राहिली तेव्हा आली. मधे बदलली ती शेणाची वाट. मला कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, आकड्याआधी हे विचारा की तुमचं शेण रोज कुठं जातं, कुणाच्या रानात, आणि ते रान अजून रान आहे का. ज्याच्याकडे याचं उत्तर आहे त्याला ठेवू द्या. आमच्याकडे नव्हतं.

पाहणीला आलेले निरीक्षक चांगले होते. चप्पल बाहेर काढून गोठ्यात आले, हे आप्पांनी लगेच हेरलं. त्यांच्या वडिलांकडेही बैल होते म्हणे. त्यांनी विचारलं, "गोबरगॅस का नाही केला?" आम्ही केला होता, नव्वदच्या दशकात, बांधाला. तोही लाल गाडीखाली.

त्यांनी मुदत पंधरा दिवसांवरून दोन महिन्यांवर नेली. त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

दोन म्हशी बाजारात गेल्या. बाकीच्या दोन आणि गाई मावसभावाकडे अर्धलीनं दिल्या : जनावर आमचं, वैरण-राबणूक त्याची, वाढ निम्मी निम्मी. टेम्पो आला त्या सकाळी चंदी फळीवर चढेना. दोघांनी ढकललं, एकाने शेपटी पिळली, तरी नाही. मग आप्पांनी तिच्या गव्हाणीतली उष्टी वैरण आणून टेम्पोत टाकली आणि स्वतः आधी वर चढले. तेव्हा ती चढली. आप्पाही तसेच मागं उभे राहून गेले, सात किलोमीटर, तिच्या वशिंडावर हात ठेवून. म्हशीला वशिंड नसतं, हे मला माहीत आहे. पण आप्पा त्या जागेला वशिंडच म्हणतात आणि मी कधी दुरुस्त केलेलं नाही.

आईने त्या दिवशी गोठ्याची फरशी धुतली. मग दुसऱ्या दिवशी परत धुतली, सवयीने.

आता शेवटचं काम राहिलं होतं, जनावरं हलवल्याचं लेखी द्यायचं. आप्पा आणि मी गेलो. कारकुनाने छापील कागद पुढं केला. त्यात एक ओळ होती : जनावरे कोठे हलविण्यात आली? मी मावसभावाच्या गावाचं नाव लिहिलं. कारकून शिक्का उचलता उचलता थांबला आणि गावाचं नाव बोटाने परत वाचलं.

"हे गाव पण येतंय की आत," तो म्हणाला. "पुढच्या प्रस्तावात आहे."

आप्पांनी खिशातून चष्मा काढला. नोटीस आल्यापासून पहिल्यांदाच. कागद हातात घेऊन ती ओळ त्यांनी स्वतः वाचली.

"साहेब, तिथं ओढ्याकाठाला माझ्या साडूची उकिरड्याची जागा आहे," ते म्हणाले. "तुमचा नकाशा रंगवायचा असला की तेवढी सोडून रंगवा."

कारकून हसला, शिक्का मारला, आणि म्हणाला, पोच हवी असेल तर झेरॉक्स आणा.